डेटाबेसच्या क्वेरीत आत्ताची यूटीसी वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘माझ्या लॅपटॉपवर बरोबर येतं, सर्व्हरवर साडेपाच तास मागे पडतं.’ या एका तक्रारीची जितकी रूपं, तितके प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. घाईत असाल तर प्रश्न २ मधली आपल्या डेटाबेसची ओळ उचला. मात्र ती टेबलात इन्सर्ट करण्याआधी प्रश्न ६ किंवा ७ वाचाच. बहुतेक घोळ यूटीसी मागताना होत नाही, ती ज्या कॉलममध्ये ठेवतो तिथे होतो.

फंक्शनांची आणि कीवर्डांची नावं या पानावर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. क्वेरीत ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची, आकडेही तसेच. अंडरस्कोर जिथे दाखवला आहे तिथेच द्यायचा.

१. यूटीसी म्हणजे काय? जीएमटी तीच ना?

यूटीसी म्हणजे सगळ्या जगाने मानलेली मूळ प्रमाणवेळ, जीएमटी म्हणजे ग्रिनिचची वेळ. डेटाबेसपुरतं दोन्ही एकच समजा. जीएमटी पृथ्वीच्या फिरण्यावर बेतलेली आहे. यूटीसी अणुघड्याळांवर चालते आणि पृथ्वीच्या फिरण्याशी तिचा फरक एका सेकंदाच्या आत ठेवला जातो. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे असते, बाराही महिने. खालच्या सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे: भारतात दुपारचे १५:३०, म्हणजे यूटीसी १०:००.

२. माझ्या डेटाबेसमध्ये आत्ताची यूटीसी वेळ एका ओळीत कशी मिळेल?

एसक्यूएल सर्व्हर: `सिलेक्ट सिसयूटीसीडेटटाइम();`
मायएसक्यूएल, मारियाडीबी: `सिलेक्ट यूटीसी_टाइमस्टॅम्प();`
पोस्टग्रेस: `सिलेक्ट नाउ() अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी';`
ओरॅकल: `सिलेक्ट सिस_एक्स्ट्रॅक्ट_यूटीसी(सिसटाइमस्टॅम्प) फ्रॉम ड्युअल;`
एसक्यूलाइट: `सिलेक्ट डेटटाइम('नाउ');`
डीबी२: `व्हॅल्यूज करंट टाइमस्टॅम्प - करंट टाइमझोन;`
बिगक्वेरी: `सिलेक्ट करंट_टाइमस्टॅम्प();`
स्नोफ्लेक: `सिलेक्ट सिसडेट();`

सगळीकडे चालेल अशी एक ओळ मागणारे बरेच असतात. ती नाही. `करंट_टाइमस्टॅम्प` हा शब्द जवळपास सगळ्यांना कळतो, पण एसक्यूलाइट त्यावर यूटीसी देतो, एसक्यूएल सर्व्हर सर्व्हरची स्थानिक वेळ देतो आणि पोस्टग्रेस सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनमध्ये ऑफसेटसकट, म्हणजे यूटीसीपासूनच्या फरकासकट देतो. `सिसडेट`चंही तसंच. ओरॅकलमध्ये ती यजमान मशीनची वेळ असते, स्नोफ्लेकमध्ये यूटीसी. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना क्वेरी जशीच्या तशी चालली आणि एररही आली नाही, तर उलट जास्त काळजी करा.

३. आमचे सगळे युजर महाराष्ट्रातलेच आहेत. मग यूटीसीची भानगड कशाला?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत किंवा युरोपात यूटीसी वापरण्याचं मोठं कारण म्हणजे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं आणि अमेरिकेत नोव्हेंबरात रात्री दीडची वेळ एकाच दिवशी दोनदा येते. आपल्याकडे तसं काही होत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळंच भारतीय वेळेत साठवणारी आणि नीट चालणारी सिस्टिम असेल, तर निव्वळ शास्त्र म्हणून ती उलथून टाकू नका. कॉलमच्या नावात मात्र ही वेळ भारतीय आहे हे लिहून ठेवा.

नवीन काम असेल तर यूटीसीच घ्या. क्लाउडवरचे डेटाबेस, कंटेनर आणि लॉग बहुतेक यूटीसीतच बोलतात. पेमेंट गेटवेकडून येणारे संदेश अनेकदा यूटीसीत किंवा १९७० पासूनच्या सेकंदांत असतात. तुमचा एकटाच कॉलम भारतीय वेळेत राहिला, तर प्रत्येक जोडणीवर कोणाला तरी साडेपाच तास लक्षात ठेवावे लागतात आणि एक दिवस तो माणूस रजेवर असतो.

४. सर्व्हर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये घेतला, तरी वेळ साडेपाच तास मागे का?

रीजन म्हणजे मशीन कुठे ठेवलं आहे ते. घड्याळाचा झोन ही वेगळी सेटिंग असते. मोठ्या क्लाउडवर डेटाबेस कुठल्याही शहरात घेतला तरी सुरुवातीला तो बहुधा यूटीसीवरच असतो. अ‍ॅझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये तर ही सेटिंग बदलताही येत नाही. तिथे `गेटडेट()` आणि `गेटयूटीसीडेट()` एकच उत्तर देतात. म्हणून ऑफिसातल्या मशीनवर `गेटडेट()` वापरून लिहिलेला कोड तिथे हलवला की रिपोर्ट साडेपाच तास मागे पडतात.

यावर सर्व्हरचा झोन बदलणं हा उपाय सुचतो खरा, पण तो शेवटचा ठेवा. सर्व्हर यूटीसीवर आहे तेच चांगलं आहे. कोडमधली स्थानिक वेळ मागणारी फंक्शनं शोधून बदला.

५. एसक्यूएल सर्व्हरमध्ये `गेटयूटीसीडेट()` घ्यायचं की `सिसयूटीसीडेटटाइम()`?

दुसरं. पहिलं जुन्या `डेटटाइम` प्रकारात उत्तर देतं आणि त्याचे मिलिसेकंद ०, ३ किंवा ७ वर गोल होतात. दुसरं `डेटटाइम२` देतं, १०० नॅनोसेकंदांच्या पायरीने. कॉलम जुन्या प्रकाराचा असेल तर फायदा होणार नाही, पण नुकसानही नाही.

याच डेटाबेसमधल्या `टाइमस्टॅम्प` नावाच्या कॉलम-प्रकाराचा वेळेशी काहीही संबंध नाही. तो रेकॉर्ड बदलला की वाढणारा एक आकडा आहे आणि त्याचं दुसरं नाव `रोव्हर्जन` आहे. मायएसक्यूएलवरून आलेली मंडळी इथे हमखास फसतात.

६. पोस्टग्रेसमध्ये `नाउ()` यूटीसी देतं की भारतीय वेळ?

दोन्ही नाही म्हणा किंवा दोन्ही म्हणा. `नाउ()` एक क्षण देतं. त्याचा प्रकार `टाइमस्टॅम्पटीझेड`. आत तो यूटीसीवरच साठवलेला असतो आणि दाखवताना सेशनच्या टाइमझोनमध्ये रंगवला जातो. नावात झोन असला तरी कॉलममध्ये झोन साठत नाही. पुण्यातून घातलेली आणि लंडनमधून घातलेली नोंद आत सारखीच दिसते.

म्हणून कॉलम `टाइमस्टॅम्पटीझेड` असेल तर नुसतं `नाउ()` घाला. सावधगिरी म्हणून `नाउ() अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी'` घालणारे स्वतःच खड्डा खणतात. ते वाक्य झोन काढून टाकून कोरी वेळ देतं: १०:००. ती कोरी वेळ झोनवाल्या कॉलममध्ये गेली की पोस्टग्रेस ती सेशनच्या झोनमधली समजतो. सेशन भारतीय असेल तर ‘भारतातले सकाळचे दहा’ म्हणजे यूटीसी ०४:३० साठतं. वाचताना त्याच सेशनमध्ये पुन्हा १०:०० दिसतं, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

`अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी'` ची गरज दोनच ठिकाणी पडते. एक, कॉलम झोन नसलेल्या `टाइमस्टॅम्प` प्रकाराचा असेल आणि त्यात यूटीसी ठेवायचं ठरलं असेल तेव्हा. दोन, माणसाला वाचायला यूटीसी दाखवायची असेल तेव्हा.

७. मायएसक्यूएलमध्ये `यूटीसी_टाइमस्टॅम्प()` घातलं, तरी वेळ चुकीची साठते. का?

कॉलमचा प्रकार पाहा. `डेटटाइम` असेल तर जे घालाल ते जसंच्या तसं साठतं, म्हणून तिथे `यूटीसी_टाइमस्टॅम्प()` योग्य. `टाइमस्टॅम्प` असेल तर मायएसक्यूएल आलेली वेळ सेशनच्या झोनमधली समजून स्वतः यूटीसीत बदलतो. तुम्ही आधीच बदलून दिलेली १०:०० ही वेळ तो पुन्हा साडेपाच तास मागे नेतो आणि ०४:३० साठवतो. प्रश्न ६ मधलाच सापळा, फक्त बिळ वेगळं. `टाइमस्टॅम्प` कॉलममध्ये `नाउ()` घाला आणि बाकीचं त्याच्यावर सोडा.

`युनिक्स_टाइमस्टॅम्प(यूटीसी_टाइमस्टॅम्प())` ही जोडीही याच कारणाने चुकते. आतली वेळ सेशनच्या झोनमधली मानली जाते. `युनिक्स_टाइमस्टॅम्प()` कंस रिकामा ठेवून वापरा.

सेकंदाखालचे अंश हवे असतील तर `यूटीसी_टाइमस्टॅम्प(६)` लिहा, आणि कॉलमही `डेटटाइम(६)` असू द्या. नाहीतर अंश साठवताना गोल होतात.

८. फरक ५:३० चा नाही, ११ तासांचा येतोय. हे कसं शक्य आहे?

आकडा नीट पाहिला तर तोच कारण सांगतो. खरी वेळ भारतात १५:३० असताना:

१०:०० दिसतंय, म्हणजे साडेपाच तास मागे. यूटीसी बरोबर आली आहे, दाखवताना बदलायची राहिली.

२१:०० दिसतंय, म्हणजे साडेपाच तास पुढे. साठवलेली वेळ आधीच भारतीय होती, ती यूटीसी समजून कोणीतरी साडेपाच तास मिळवले.

०४:३० दिसतंय, म्हणजे अकरा तास मागे. यूटीसीतून आणखी एकदा साडेपाच तास वजा झाले आणि दाखवताना मिळवले गेले नाहीत. प्रश्न ६ किंवा ७ मधला दुहेरी बदल, किंवा प्रश्न १४ मधली उलटी खूण.

१२:०० दिसतंय, म्हणजे साडेतीन तास मागे. तुमच्या क्वेरीत इस्रायलची वेळ शिरली आहे. थट्टा नाही, प्रश्न १४ पाहा.

दुरुस्ती करण्याआधी जुन्या रेकॉर्डांपैकी कोणते चुकीचे आणि कोणते बरोबर हे तारखेनुसार ठरवा. कोड मध्येच कधीतरी बदललेला असतो. सगळ्या टेबलावर सरसकट साडेपाच तास मिळवले, तर आधी बरोबर असलेले रेकॉर्ड बिघडतात आणि नंतर ते वेगळे काढता येत नाहीत.

९. ओरॅकलमध्ये `सिसडेट` वापरत आलो आहोत. तेवढं पुरत नाही का?

`सिसडेट` आणि `सिसटाइमस्टॅम्प` डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथली वेळ देतात. `करंट_डेट` आणि `करंट_टाइमस्टॅम्प` सेशनच्या झोनची देतात. `डीबीटाइमझोन` ही डेटाबेसच्या झोनची सेटिंग बदलल्याने `सिसडेट` बदलेल असं अनेकांना वाटतं, पण सर्वसाधारण मांडणीत तसं होत नाही. यूटीसीसाठी प्रश्न २ मधली ओळ वापरा. कॉलम `डेट` प्रकाराचा असेल तर तिच्याभोवती प्रकार बदलणारं `कास्ट` लावा. ओरॅकलच्या `डेट`मध्ये तारखेबरोबर सेकंदापर्यंतची वेळही असते, झोन नसतो.

१०. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा प्रकारच नाही. मग यूटीसी कशी ठेवायची?

मजकूर म्हणून किंवा आकडा म्हणून. `डेटटाइम('नाउ')` यूटीसीतला मजकूर देतं. मोबाइल अ‍ॅपमध्ये `'लोकलटाइम'` जोडून फोनची वेळ मिळते. ती फक्त दाखवायला वापरा, साठवायला नको. युजर दुबईला गेला की नोंदींचा क्रम बिघडतो. ३.३८ आवृत्तीपासून `युनिक्सइपॉक()` थेट सेकंदांचा आकडा देतं.

मजकूर ठेवत असाल तर सगळीकडे एकच साचा हवा. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये काही रेकॉर्डांत मोकळी जागा आणि काहींत ‘टी’ अक्षर असेल, तर तुलना अक्षरांची होते आणि एकाच दिवसातल्या नोंदी मागेपुढे लागतात.

११. हजार रेकॉर्ड इन्सर्ट केले, सगळ्यांची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत सारखीच. डेटाबेस बिघडला का?

नाही. पोस्टग्रेसचं `नाउ()` ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा आदेशांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तिथेच थांबतं. रात्री चालणारा जॉब दोन तास एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल, तर शेवटच्या रेकॉर्डावरही दोन तासांपूर्वीची वेळ असते. चालू स्टेटमेंटची वेळ हवी तर `स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प()`, अगदी त्या क्षणाची हवी तर `क्लॉक_टाइमस्टॅम्प()`.

मायएसक्यूएलमध्ये `नाउ()` आणि `यूटीसी_टाइमस्टॅम्प()` स्टेटमेंट सुरू झाल्याची वेळ देतात. तिथलं `सिसडेट()` प्रत्येक वेळी घड्याळ पाहतं, आणि म्हणूनच स्टेटमेंटवर आधारित रेप्लिकेशनमध्ये (तेच आदेश दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा चालवून प्रत राखण्यात) ते धोक्याचं धरलं जातं.

बहुतेक वेळा ही ‘गोठलेली’ वेळच हवी असते. एका व्यवहारातल्या बिलाच्या चार ओळींवर चार वेगळ्या वेळा कशाला? वेळ मोजायची असेल, म्हणजे एखादी पायरी किती वेळ घेते ते पाहायचं असेल, तेव्हाच चालतं घड्याळ मागा.

१२. कॉलमचं डीफॉल्ट यूटीसी ठेवता येतं का?

येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीफॉल्ट म्हणून `सिसयूटीसीडेटटाइम()` द्या. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ पासून अंगभूत फंक्शन कंसात घालून देता येतं: `डीफॉल्ट (यूटीसी_टाइमस्टॅम्प())`. त्याआधीच्या आवृत्त्यांत `करंट_टाइमस्टॅम्प` एवढंच चालायचं. ‘ऑन अपडेट’ साठी मात्र आजही फक्त तेच चालतं. म्हणजे `डेटटाइम` कॉलममध्ये ‘शेवटचा बदल’ आपोआप यूटीसीत हवा असेल, तर ट्रिगर लिहा किंवा सेशनच यूटीसीवर ठेवा. मी दुसरं करतो. कमी कोड, कमी चर्चा.

भरलेल्या टेबलात `नाउ()` डीफॉल्ट असलेला नवा कॉलम जोडला, तर पोस्टग्रेस सगळ्या जुन्या रेकॉर्डांवर कॉलम जोडल्याची वेळ ठोकतो. ‘तयार झाल्याची वेळ’ असं नाव असलेल्या कॉलममध्ये ते धादांत खोटं असतं. आधी कॉलम रिकामा जोडा, मग डीफॉल्ट लावा.

१३. ‘आजच्या ऑर्डरी’ काढल्या की पहाटेच्या ऑर्डरी कालच्या दिवसात जातात. काय करावं?

यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. तोपर्यंत `यूटीसी_डेट()` कालचीच तारीख सांगतं. भारतीय दिवस यूटीसीत आदल्या दिवशीच्या १८:३० ला सुरू होतो आणि त्या दिवशीच्या १८:३० ला संपतो. म्हणून १ एप्रिल २०२५ च्या ऑर्डरी अशा:

`व्हेअर ऑर्डर_वेळ >= '२०२५-०३-३१ १८:३०:००' अँड ऑर्डर_वेळ < '२०२५-०४-०१ १८:३०:००'`

मुद्दाम आर्थिक वर्षाचा पहिला दिवस घेतला. ३१ मार्चच्या यूटीसी १८:३० नंतरचं बिल नव्या वर्षातलं आहे. महिन्याच्या किंवा जीएसटीच्या रिपोर्टमध्ये ही सीमा चुकली, तर रात्री बारा ते साडेपाचमधली बिलं मागच्या महिन्यात जातात. दिवसा चालणाऱ्या दुकानात ते कधीच लक्षात येत नाही. रात्री ऑर्डर घेणाऱ्या खाद्यपदार्थांच्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच महिन्यात सीएचा फोन येतो.

दोन गोष्टी सांभाळा. कॉलमभोवती फंक्शन गुंडाळून त्याची तारीख काढू नका, साधा इंडेक्स वाया जातो. सीमा आधी काढा आणि कॉलम मोकळा ठेवा. आणि `बिट्वीन` वापरून शेवट २३:५९:५९ असा लिहू नका, त्या शेवटच्या सेकंदातले अंश निसटतात. वर दिल्याप्रमाणे सुरुवात धरून आणि शेवट वगळून लिहा.

पोस्टग्रेसमध्ये ‘भारतातली आजची तारीख’ हवी तर `(नाउ() अ‍ॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता')::डेट`. `करंट_डेट` सेशनच्या झोनप्रमाणे बदलतं, त्यावर विसंबू नका.

१४. साठवलेली यूटीसी क्वेरीतच भारतीय वेळेत कशी बदलायची?

प्रत्येक डेटाबेसचा आपापला खोडसाळपणा आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून `अ‍ॅट टाइम झोन` आहे, पण ते दोनदा लिहावं लागतं: `ऑर्डर_वेळ अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी' अ‍ॅट टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम'`. पहिल्याने कोऱ्या वेळेला झोनचं लेबल लागतं, दुसऱ्याने वेळ बदलते. दुसरंच एकटं लिहिलं तर १०:०० ला ‘भारतीय’ असं लेबल लागतं आणि आकडा तसाच राहतो. झोनची नावं इथे विंडोजची चालतात, ‘एशिया/कोलकाता’ चालत नाही.

मायएसक्यूएलमध्ये `कन्व्हर्ट_टीझेड(ऑर्डर_वेळ, 'यूटीसी', 'एशिया/कोलकाता')` लिहिलं आणि उत्तर ‘नल’ आलं, तर झोनची टेबलं भरलेली नाहीत. `मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल` चालवून ती भरा. तोपर्यंत `'+००:००'` आणि `'+०५:३०'` असे आकडे दिले तरी चालतं. भारतापुरतं त्यात काही बिघडत नाही.

पोस्टग्रेसमध्ये मात्र आकडे देऊ नका. `नाउ() अ‍ॅट टाइम झोन '+०५:३०'` लिहिलं तर पोस्टग्रेस ते पॉसिक्स (युनिक्स-घराण्याच्या प्रमाण) पद्धतीने वाचतो, आणि त्या पद्धतीत अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. उत्तर येतं ०४:३०, अकरा तास मागे. ‘आयएसटी’ लिहिलं तर मूळ सेटिंगमध्ये त्याचा अर्थ इस्रायल स्टँडर्ड टाइम, यूटीसीच्या दोन तास पुढे. `टाइमझोन_अ‍ॅब्रिव्हिएशन्स` ही सेटिंग ‘इंडिया’ केली तर अर्थ बदलतो, आणि १८ व्या आवृत्तीपासून सेशनच्या झोनमधला अर्थ आधी पाहिला जातो. पण इतकं लक्षात ठेवण्यापेक्षा ‘एशिया/कोलकाता’ पूर्ण लिहा.

माझं मत विचाराल तर क्वेरीत हा बदल फक्त रिपोर्टसाठी करा. अ‍ॅपला यूटीसीच द्या आणि बदल स्क्रीनच्या जवळ होऊ द्या. जेसनमध्ये (डेटा पाठवण्याच्या मजकुरी साच्यात) पाठवताना शेवटी यूटीसी दाखवणारा ‘झेड’ असू द्या. तारीख-वेळ ‘झेड’शिवाय गेली, तर ब्राउझर ती युजरची स्थानिक वेळ समजतो आणि प्रश्न ८ मधली यादी पुन्हा काढावी लागते.

१५. जन्मतारीखही यूटीसीत ठेवायची का?

नाही. जन्मतारीख, सुट्टीची तारीख, ईएमआयची तारीख हे क्षण नसतात. ते कॅलेंडरवरचे दिवस आहेत. १ जूनची मध्यरात्र भारतीय धरून यूटीसीत बदलली की ३१ मेची १८:३० होते, आणि वेळ कापून टाकली की मुलाचा वाढदिवस एक दिवस आधी येतो. शाळेच्या दाखल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार फार दिसतो. अशा कॉलमला `डेट` प्रकार द्या (ओरॅकलमध्ये वेळ शून्य ठेवून) आणि झोनचा हात लागू देऊ नका.

१६. पुढच्या तारखांच्या मीटिंगा यूटीसीत ठेवल्या, तरी नोव्हेंबरात एक तास सरकल्या. का?

झालेल्या गोष्टीसाठी यूटीसी पक्की. होणाऱ्या गोष्टीसाठी ती पुरत नाही. समजा न्यू जर्सीतल्या मराठी शाळेचा ऑनलाइन वर्ग दर शनिवारी तिथल्या सकाळी ९ ला आहे आणि शिकवणाऱ्या बाई नाशिकला आहेत. उन्हाळ्यात तो यूटीसी १३:०० ला, म्हणजे नाशिकच्या १८:३० ला येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि तोच वर्ग यूटीसी १४:०० ला, नाशिकच्या १९:३० ला येतो. तुम्ही वर्षभराच्या वर्गांसाठी १३:०० साठवून ठेवलं असेल, तर हिवाळ्यात तिथली मुलं आठ वाजता बसलेली दिसतील.

अशा वेळी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव (‘अमेरिका/न्यू_यॉर्क’) असे दोन कॉलम ठेवा आणि यूटीसी प्रत्येक वर्गाच्या आधी काढा. नुसता ऑफसेट साठवून भागत नाही, कारण बदलतो तो ऑफसेटच.

१७. वेळ अ‍ॅपने द्यावी की डेटाबेसने?

डेटाबेसने, शक्य असेल तेव्हा. अ‍ॅपचे चार सर्व्हर असतील तर चार घड्याळं असतात आणि ती तंतोतंत जुळत नाहीत. डेटाबेसचं घड्याळ निदान एक असतं. तरीही कोणती नोंद आधी हे वेळेवरून ठरवू नका, त्यासाठी आपोआप वाढणारा क्रमांक ठेवा.

सर्व्हरचं मूळ घड्याळच चुकलं असेल तर यूटीसीही चुकेल, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी व्यवस्था) चालू आहे ना ते पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवायला सांगितलं आहे.

१८. २०३८ ची अडचण आम्हाला येईल का?

मायएसक्यूएलच्या `टाइमस्टॅम्प` कॉलमची मर्यादा १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ ही आहे. आपल्याकडे सकाळचे ८:४४:०७. ३२ बिटांच्या आकड्यात सेकंद ठेवणाऱ्या कॉलमांचीही सहसा तीच. दूरची वाटली तरी वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच तिच्या पलीकडे जातो. पुढच्या तारखा ठेवणारे कॉलम `डेट` किंवा `डेटटाइम` करा. ‘तयार झाल्याची वेळ’ वगैरे कॉलमांना अजून थोडा अवकाश आहे.

१९. लीप सेकंदाचं काय?

काही नाही. लीप सेकंद म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला यूटीसीत घातलेला जादा सेकंद. आजवर २७ मिळवले गेले. शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला, म्हणजे भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या आधी. नेहमीचे डेटाबेस ते मोजत नाहीत. २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे.

२०. जुन्या नोंदी यूटीसीत बदलताना वेळ विचित्र येते. उदाहरणार्थ १९४३ चा जन्म.

कुंडलीचं किंवा वंशावळीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून हा प्रश्न येतो. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. पोस्टग्रेसला ‘एशिया/कोलकाता’ दिलं की तो हे ध्यानात घेतो, म्हणून जून १९४३ मधले सकाळचे आठ यूटीसी ०१:३० होतात, ०२:३० नाही. ते विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. एसक्यूएल सर्व्हर विंडोजचा झोन वापरतो आणि त्यात हा इतिहास नाही. तिथे सरसकट साडेपाच धरले जातात. मायएसक्यूएलचं `कन्व्हर्ट_टीझेड` तर १९७० आधीची वेळ काही न करता जशीच्या तशी परत देतं, आणि एररही येत नाही.

मुंबईची गोष्ट आणखी वेगळी. देशाने प्रमाणवेळ १९०६ मध्ये स्वीकारली, पण मुंबईत ४ तास ५१ मिनिटांची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात राहिली. ‘एशिया/कोलकाता’मध्ये ती नाही. त्यामुळे १९५५ आधीची मुंबईतली नोंद हाती आली, तर ती कोणत्या घड्याळाप्रमाणे लिहिली हे नोंद देणाऱ्यालाच विचारावं लागतं. दोन घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक आहे आणि कुंडलीतलं लग्न (जन्मवेळी उगवणारी रास) बदलायला तेवढा पुरतो. अशा टेबलात कागदावरची मूळ वेळ मजकूर म्हणून वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, धरलेला ऑफसेट शेजारी लिहा, आणि यूटीसी त्या दोन्हींवरून काढा.